पोट्टं ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत टाकायचं म्हणता? मग आधी एवढं पाहून घ्या

आमचं गाव हिंगणा तालुक्यात, टाकळघाटच्या पुढं. पाच एकरात कापूस नि तूर, यांची बुटीबोरी एमआयडीसीत ड्युटी, आणि पोरगा वर्धा रोडवरच्या केंब्रिजवाल्या, म्हणजे ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळेत, आता चौथीत. एवढं सांगितलं की लोक दोनच गोष्टी विचारतात, फी किती अन् पोट्टं इंग्रजी फाडफाड बोलते काय. तिथे शिकवतात काय, कागद कोणते लागतात, माणूस कुठे फसतो हे कोणी विचारत नाही. मी चार वर्षांत बऱ्याच ठिकाणी फसली, घरात आमच्या आधी कोणी असल्या शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, म्हणून हे सगळं एका जागी लिहून राहिली. शाळा चांगली की वाईट हा वाद इथं नाही. आमच्या झेडपीच्या शाळेतल्या बाईंनी माझ्या पोराला दोन महिन्यांत जे मराठी वाचायला शिकवलं ते अजून पुरून राहिलं आहे. ज्यांचं ठरलंच आहे त्यांच्यासाठी हे.

१. पाटीवरचं नाव सोडा, संलग्नता विचारा

'इंटरनॅशनल' हा शब्द कोणीही पाटीवर लावते. आम्ही पहिल्यांदा ज्या शाळेत गेलो तिथे गेटवर मोठा पृथ्वीचा गोल, आत एसी ऑफिस, आणि काउंटरवरच्या मॅडम सारखं 'केंब्रिज पॅटर्न, केंब्रिज पॅटर्न' म्हणून राहिल्या. आम्ही रजिस्ट्रेशनचे पैसे भरून मोकळे. आठ दिवसांनी यांच्या कंपनीतल्या एका सरांनी विचारलं की संलग्नतेचं पत्र पाहिलं काय, तेव्हा परत गेलो तर कळलं की केंब्रिजची फक्त पुस्तकं वापरतात, संलग्नता काहीच नाही. पैसे 'नॉन रिफंडेबल'. पावतीच्या मागं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आम्ही वाचलंच नव्हतं.

तर सरळ विचारायचं, अभ्यासक्रम कोणता आणि संलग्नता कोणाची. उत्तर साधारण यातलं एक येईल:

केंब्रिज प्रायमरी. 5 ते 11 वयाच्या पोरांसाठी, स्टेज 1 ते स्टेज 6. आपल्याकडे ब्रिटिश पद्धतीच्या शाळा म्हणजे बहुतेक हेच. केंब्रिजच्या वेबसाइटवर शाळा शोधायची सोय आहे, शहराचं नाव टाका, यादीत शाळा दिसली पाहिजे.

पिअर्सन कंपनीचा आयप्रायमरी. हाही ब्रिटिशच.

इंग्लंडचा नॅशनल करिक्युलम. यात इयर 1 आणि 2 ला 'की स्टेज 1' म्हणतात, इयर 3 ते 6 ला 'की स्टेज 2'.

आयबी पीवायपी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट संस्थेचा प्राथमिक अभ्यासक्रम. हा ब्रिटिश नाही, ती संस्था जिनिव्हाची. चांगला असेल, पण वेगळा आहे, दोन्हीची गल्लत करू नका.

याशिवाय महाराष्ट्र शासनाची मान्यता आणि शाळेचा यूडायस नंबर, म्हणजे सरकारी नोंदीतला नंबर पाहा, तो 11 अंकी असतो. तो नंबर सांगायला कोणी कां-कूं करत असेल तर तिथूनच मोटारसायकल वळवा.

२. वयाचा आणि इयत्तेचा घोळ

हा घोळ मला समजायला सहा महिने लागले. आपल्याकडे पहिलीत जायला त्या वर्षीच्या 31 डिसेंबरपर्यंत 6 वर्षं पूर्ण पाहिजेत. इंग्लंडमध्ये 31 ऑगस्टपर्यंत 5 पूर्ण झाली की सप्टेंबरपासून पोरगं इयर 1 मध्ये. म्हणजे वयाच्या हिशोबानं त्यांचं इयर 2 ती आपली पहिली. केंब्रिजची स्टेज 1 सुद्धा 5 वर्षांपासून धरलेली आहे, पण भारतातल्या बऱ्याच शाळा ग्रेड 1 ला स्टेज 1 च शिकवतात.

याचा त्रास दाखला काढताना होतो. ओळखीतल्या एका घरी पोरगी परत गावच्या शाळेत आणायची वेळ आली, दाखल्यावर नुसतं 'इयर 3' लिहिलेलं, हेडमास्तर म्हणे हिला दुसरीत बसवू की तिसरीत. शेवटी शाळेचं वेगळं पत्र आणावं लागलं. म्हणून ॲडमिशन घेतानाच विचारा की दाखल्यावर आपल्याकडची इयत्ता लिहून देता ना.

३. कागद, आणि त्यातला एक रकाना

फाईल करून ठेवा, दर वेळी तेच मागतात:

- ग्रामपंचायतीचा किंवा नगरपरिषदेचा जन्मदाखला, इंग्रजी-मराठी दोन्ही भाषेतला
- पोराचं आणि आईबापाचं आधार
- लसीकरणाचं कार्ड, उपकेंद्रातल्या सिस्टरकडून शिक्का मारून
- आधी कुठल्या शाळेत असेल तर शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपत्रक
- पत्त्याचा पुरावा, लाइटबिल चालते
- वडिलांचा किंवा आजोबांचा जातीचा दाखला
- फोटो, दोन-चार जास्तीचे

जन्मदाखल्यावर नावात एक 'ई' आणि आधारवर दोन, असं असेल तर फॉर्म भरायच्या आधी दुरुस्त करा. पुढं पासपोर्टपर्यंत तेच भूत मागं लागते. फॉर्मवर 'फर्स्ट नेम, मिडल नेम, सरनेम' अशी खानं असतात, मिडल नेममध्ये बापाचं नाव. 'प्रिफर्ड नेम' नावाचं एक खानं असते, म्हणजे पोराला वर्गात कोणत्या नावानं हाक मारायची. मी त्यात घाईघाईत घरचं नाव लिहिलं. पूर्ण एक वर्ष माझ्या पोराला सगळी शाळा 'गोलू' म्हणत होती.

आता तो रकाना. आपल्याकडे जातीचा दाखला आणि पुढं जात पडताळणी करताना प्राथमिक शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमधली नोंद मागतात. असल्या शाळांत ऑफिसातले लोक जातीच्या जागी नुसतं 'हिंदू' लिहून मोकळे होतात, कोणी तर ते खानंच कोरं सोडते. तुम्ही कुणबी असा, तेली असा, माळी असा, गोंड असा, जे असेल ते पूर्ण लिहायला लावा आणि रजिस्टरमधली नोंद डोळ्यांनी पाहून या. मी म्हटलं तेव्हा तिथल्या मॅडमनं असं पाहिलं जसं मी काही वंगाळ मागून राहिली. पाहू द्या. बारावीनंतर पडताळणीच्या ऑफिसात तुम्हालाच उभं राहायचं आहे.

४. फी आणि पेरणी एकाच महिन्यात येते

फीचा आकडा तर सगळेच विचारतात, पण फीच्या तारखा विचारा. पहिला हप्ता मे-जूनमध्ये, म्हणजे बियाणं, खत, पऱ्हाटीची लागवड अन् फी एकाच पंधरवड्यात. आमच्या पहिल्या वर्षी यांनी पीककर्जातून फी भरली आणि मग खतासाठी उधारीवर फिरले. दुसऱ्या वर्षी मी अकाउंटवाल्या सरांना जाऊन सरळ म्हटलं की आमच्याकडे पैसा कापूस निघाल्यावर येते, जूनमध्ये थोडे घ्या, मोठा हप्ता नोव्हेंबरात आणि तुरीवर उरलेले जानेवारी-फेब्रुवारीत. त्यांनी अर्ज लिहून मागितला आणि मान्य केलं. मागितल्याशिवाय कोणी देत नाही, तोंड उघडा. संत्रावाले असाल तर आंबिया की मृग बहार त्यावर तारखा मागा.

'झिरो कॉस्ट ईएमआय' म्हणून एक कागद पुढं करतात, शाळेच्या ऑफिसातच एक पोरगा लॅपटॉप घेऊन बसलेला असते. ते शाळेचे हप्ते नसतात, फायनान्स कंपनीचं कर्ज असते तुमच्या नावावर, शाळेला पूर्ण वर्षाचे पैसे आधीच मिळतात. एक हप्ता चुकला तर सिबिल खराब, आणि मग पुढच्या खरिपात बँक पीककर्जाला आडवी येते. मध्येच पोराला काढलं तरी हप्ते सुरूच.

फीशिवाय काय काय, ते लिहून मागा. बस, जेवण, युनिफॉर्म, पुस्तकं, सहली. डोनेशन कोणी मागितलं तर ते बेकायदा आहे. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 13 प्रमाणे घेतलेल्या रकमेच्या दहा पटीपर्यंत दंड आहे. त्याच कायद्यातून 25 टक्के जागांवर मोफत प्रवेश मिळू शकते, ऑनलाइन फॉर्म आणि लॉटरी असते, पण शाळा अल्पसंख्याक संस्थेची असेल तर लागू नाही, आणि घरापासूनचं अंतर पाहतात म्हणून आमच्यासारख्या लांबच्या गावांना नंबर लागणं कठीण. ज्यांचं घर शाळेच्या जवळ आहे त्यांनी जरूर भरावा.

५. 'इंटरॲक्शन'ला घाबरू नका

पोराची परीक्षा किंवा मुलाखत घेऊन प्रवेश नाकारायला कायद्यानं बंदी आहे, पहिल्या वेळी 25 हजारांपर्यंत आणि नंतर दर वेळी 50 हजारांपर्यंत दंड. म्हणून शाळा त्याला 'इंटरॲक्शन' म्हणते. आम्ही याच्यासाठी पोराकडून 'माय नेम इज' पंधरा दिवस घोकून घेतलं. तिथे मॅडमनी नाव विचारलंच नाही. खाली चटईवर बसल्या, ठोकळे दिले, मग गाईचं चित्र दाखवून विचारलं, व्हॉट इज धिस. आमचा गडी म्हणते, "ही आपली गावरानी नाई, जर्सी हाय. हिले वशिंड नाई."

मी डोळे मिटून घेतले. मॅडम मराठीच निघाल्या, हसल्या, विचारलं की वशिंड म्हणजे काय, तर यानं पाठीवर हात ठेवून दाखवलं. नंतर त्यांनी मला सांगितलं की आम्ही हेच पाहतो, पोरगं निरीक्षण करते की नाही, बोलते की नाही, कोणत्याही भाषेत. तर घोकून घेऊ नका, एवढंच.

६. पहिलं वर्ष: अक्षरं नाही, आवाज

इथं सगळ्यात जास्त आईबाप बिथरतात म्हणून जरा सविस्तर सांगते.

आपण इंग्रजी शिकलो ते ए फॉर ॲपल, बी फॉर बॉल करत, आधी सगळी कॅपिटल. तिथे सुरुवात फोनिक्सनं. अक्षराचं नाव नाही, आवाज शिकवतात. 'एस' नाही, 'स्स'. पहिल्या गटात साधारण एस, ए, टी, पी, आय, एन ही सहा अक्षरं, कारण एवढ्यातूनच सॅट, पिन, टॅप, नॅप असे शब्द तयार होतात, म्हणजे पोरगं महिनाभरात शब्द वाचायला लागते. कॅपिटल मागाहून. घरी तुम्ही एबीसीडी घोकून घेतली की पोरगं गोंधळते, टॅप वाचताना 'टी-ए-पी' म्हणून थांबून जाते. माझी पहिली चूक हीच होती. गंमत अशी की ही पद्धत आपल्याला नवीन नाहीच, मराठीत आपण 'क'ला कच म्हणतो, त्याचं नाव वेगळं अन् आवाज वेगळा असं नसते. ज्या पोराला मराठी अक्षरओळख आहे त्याला फोनिक्स पटकन समजते. इंग्रजी शिकायचं म्हणून घरची मराठी बंद करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

मग घरी एक पुस्तक येते रोज, लायब्ररी बॅगमध्ये, सोबत वाचनाची डायरी. आमच्याकडे पहिलं पुस्तक आलं त्यात एकही अक्षर नाही, नुसती चित्रं. मामाजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, चष्मा लावून उलटंसुलटं पाहिलं. "याचे पैसे घेतले काय वं त्यायनं? छापाचं राह्यलं दिसते." मलाही तेच वाटलं. पण ते मुद्दाम तसं असते, पोरानं चित्र पाहून गोष्ट सांगायची आणि आपण ऐकायची. भाषा कोणतीही चालते. मामाजींनी मग त्या चित्रांवरून अशी गोष्ट रचली की त्यात वाघ, बोरीचं झाड अन् आमचा जुना सालदार सगळे आले, आणि मी डायरीत इंग्रजीत एक ओळ लिहिली, 'रीड विथ ग्रँडफादर इन मराठी'. दुसऱ्या दिवशी मॅडमचा स्टार. पुढं पुस्तकांना रंगाच्या पट्ट्या असतात, गुलाबी, लाल, पिवळा असं चढत जाते. दुसऱ्याचं पोरगं निळ्यावर अन् आपलं पिवळ्यावर म्हणून बसमध्ये बाया भांडताना मी पाहिल्या. रोज दहा मिनिटं बसून ऐकलं तर रंग आपोआप बदलते.

वहीत स्पेलिंग चुकलेलं आणि त्यावर बरोबरची खूण, हेही दिसेल. पहिल्या-दुसऱ्या वर्षी पोरानं आवाजावरून अंदाजानं लिहिलं तर ते चालवून घेतात, आधी मनातलं कागदावर आलं पाहिजे म्हणून. लाल पेन घेऊन घरी सुधारू नका. पण तिसरीपर्यंत तेच चालत असेल तर मात्र मॅडमला विचारा, तिथे गप्प राहायचं नाही.

७. सत्तेचाळीस म्हणजे 74 नाही

गणितात आमचं पोरगं पहिले दोन महिने 47 सांगितलं की 74 लिहायचं. मॅडमनी काळजीनं बोलावलं. घरी आल्यावर माझ्या ध्यानात आलं, आपण मराठीत 'सत्तेचाळीस' म्हणतो, सात आधी येते कानावर, चाळीस मागून. इंग्रजीत फोर्टी आधी. बिचारं जसं ऐकत होतं तसं लिहीत होतं. मॅडमला हे सांगितलं तर त्यांनी दहादहाच्या काड्यांच्या जुड्या करून घेतल्या आणि पंधरा दिवसांत सुटलं. तुमच्याही घरी होईल, आधीच सांगून ठेवा.

पाढे ते 12 पर्यंतच घेतात, इंग्लंडमध्ये चौथ्या वर्षाला त्याची कम्प्युटरवर चाचणी असते, 25 प्रश्न, प्रत्येकाला 6 सेकंद. आपले 30 पर्यंतचे पाढे घरी सोडू नका, कापसाच्या मोजणीच्या वेळी मामाजी अडीचकी म्हणतात तेव्हा पोरगं तोंडाकडे पाहत राहते, तसं नको. लाख-कोटीही घरीच शिकवावं लागते, तिथे स्वल्पविराम मिलियनच्या हिशोबानं पडतात.

८. डबा, बस, नावं

डब्यात शेंगदाणा चालतो काय हे पहिल्याच दिवशी विचारा. बऱ्याच असल्या शाळांत ॲलर्जीमुळे शेंगदाणा-काजूवर बंदी असते. आता आपल्याकडे पोह्यात दाणे, उसळीत दाणे, चटणी तर दाण्याचीच. माझा पहिल्या आठवड्यात डबा परत आला.

प्रत्येक वस्तूवर नाव. मार्करनं लिहिलेलं दोन धुण्यात जाते, सुईदोऱ्यानं टाका. बस आमच्या फाट्यावर सकाळी पावणेसातला येते आणि शाळा जूनच्या पहिल्या आठवड्यात उघडते, जेव्हा गावातली झेडपी अजून उन्हामुळे बंद असते. पाण्याच्या दोन बाटल्या द्या. सगळ्या सूचना ॲपवर इंग्रजीत येतात, गावात नेटवर्क नसेल तर तुम्हाला कळणारच नाही की उद्या पांढरा टीशर्ट घालायचा होता, म्हणून वर्गातल्या एका तरी शहरातल्या आईचा नंबर घेऊन ठेवा. मला अशी एक ताई भेटली, रात्री फोन करून सांगते.

९. नंबर नसतो, मग विचारायचं काय

रिपोर्टवर टक्के नाही, नंबर नाही. 'डेव्हलपिंग', 'एक्स्पेक्टेड' असले शब्द. एक्स्पेक्टेड म्हणजे वयाप्रमाणे बरोबर चाललं आहे, ते पाहून तोंड पाडू नका. पालकांच्या मीटिंगला दहा मिनिटं मिळतात, त्यात 'कसं चाललं' असं विचारलं तर 'ही इज डुइंग वेल' एवढंच ऐकून परत याल. मी आता हे तीन विचारते: वाचताना कुठे अडते, स्वतःहून हात वर करते काय, आणि पुढच्या दोन महिन्यांत मी घरी एक गोष्ट करायची तर कोणती. इंग्रजी येत नसेल तर मराठीत विचारा, लाजू नका, तुम्ही फी इंग्रजीत नाही भरत.

केंब्रिजमध्ये स्टेज 6 च्या शेवटी चेकपॉइंट नावाची परीक्षा असते, इंग्रजी, गणित, विज्ञान. सगळ्याच शाळा घेत नाहीत. पेपर तपासले केंब्रिजकडूनच जातात.

१०. मराठी, महाराज आणि परतीचा रस्ता

महाराष्ट्रात 2020 च्या कायद्यानं सगळ्या बोर्डांच्या शाळांत पहिली ते दहावी मराठी सक्तीचं आहे, न शिकवणाऱ्याला 1 लाखापर्यंत दंड. तरी आठवड्यात तास किती, पुस्तक कोणतं, शिकवते कोण, हे विचारा. आमच्या शाळेत पहिल्या वर्षी मराठीचा तास पीटीच्या सरांकडे होता.

इतिहासाचं दुखणं वेगळं. गावातल्या चौथीत पोरं वर्षभर शिवाजी महाराजांचं पुस्तक वाचतात, आमच्या शाळेत तिसरीला इंग्लंडमधून उचललेला विषय होता, 1666 ची लंडनची आग. पोरानं पुठ्ठ्याची घरं केली, बेकरी केली जिथून आग लागली, आणि ते सगळं ओसरीत मांडून मामाजींना समजावून सांगत होता. मामाजींनी साल विचारलं. मग म्हणाले, "सोळाशे सासष्ट? अरे त्याच साली आपले महाराज आग्र्याहून निसटले, औरंगजेबाच्या हातावर तुरी देऊन." पोरगं दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगून आलं, आणि मॅडमनी भिंतीवर एक लांब पट्टी लावली, वर लंडन, खाली आग्रा. शाळेनं नाही दिलं तर घरून असं पाठवावं लागते.

आता परतीचं. नवोदयचा, म्हणजे सहावीपासूनच्या सरकारी निवासी शाळेचा विचार डोक्यात असेल तर हे तिसरीच्या आधी ठरवा, नंतर उपयोग नाही. नवोदयच्या किमान 75 टक्के जागा ग्रामीण पोरांसाठी असतात, पण त्यात बसायला तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं पूर्ण ग्रामीण भागातल्या मान्यताप्राप्त शाळेत काढलेली पाहिजेत. तुम्ही राहता गावात, पण शाळा महानगरपालिकेच्या हद्दीत असेल तर पोरगं शहरी धरल्या जाते. आम्हाला हे दुसरी संपताना कळलं, दोन रात्री यांची अन् माझी बोलाचाली झाली, शेवटी आहे तिथंच ठेवलं. तुमची शाळा ग्रामपंचायतीच्या हद्दीत येते की मनपाच्या, हे शाळेच्या ऑफिसात नाही, ग्रामपंचायतीत जाऊन विचारा, शाळेवाले जाहिरातीत सगळंच 'नागपूर' लिहितात.